हात, लोकर आणि केरीची पाखरे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपण सारे केवळ ‘मास्तर’ म्हणत आलो. त्यांच्या अध्यापनाची एक रीत त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी अनेकदा ऐकली आहे. वस्तू आधी मुलाच्या हातात यायची आणि तिचे नाव मागाहून फळ्यावर उमटायचे. उंडीचे फळ, खुब्याची शिंप, भाताची लोंबी असे काहीतरी बाकावरून फिरत जाई आणि मगच शब्द शिकवला जाई. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतसाहित्यावर किंवा काव्यशास्त्रावर बोलावे अशी अपेक्षा असते, याची मला जाणीव आहे. तरीही मास्तरांच्या या रीतीला अनुसरून मी आज एका हस्तकलेवर बोलणार आहे. मेंढीची लोकर एका खाचांच्या सुईने टोचून टोचून तिच्यातून पाखरू, कासव, फळ घडवण्याची ही कला वयाच्या पंचाहत्तरीनंतर मी शिकू लागलो. तिच्याविषयी बोलताना मी भाषेचाच विषय मांडतो आहे, हे पुढे आपल्या ध्यानात येईलच.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. एखादी वस्तू हाताने घडवायची वेळ आल्याखेरीज आपण तिच्याकडे पुरते पाहत नाही. आणि जी पुरती पाहिलेली नाही तिचे नाव जिभेवर टिकत नाही. केरीच्या मुलांच्या बोलण्यातून केरीच्या पाखरांची नावे नाहीशी होत आहेत. ती पाठांतराने परत येणार नाहीत. हाताच्या वाटेने मात्र ती येऊ शकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रथम या कलेचा परिचय करून देतो. इंग्रजीत तिला नीडल फेल्टिंग म्हणतात. मराठीत तिला रूढ नाव नाही. शाळेत शनिवारच्या तासाला बसणाऱ्या मुलींनी तिचे नाव ‘टोचकाम’ असे ठेवले आणि मला ते इतके पसंत पडले की मी दुसरा शब्द शोधलाच नाही. ही सुई आपल्या शिवणाच्या सुईसारखी नसते. तिला नेढे नसते, दोरा नसतो. तिचे पाते बहुधा तिधारी असते आणि त्याच्या कडांवर टोकाकडे तोंड केलेल्या अगदी बारीक खाचा असतात. सुई लोकरीत शिरताना या खाचा काही तंतू पकडून आत ओढून नेतात. बाहेर येताना मात्र ते तंतू आतच राहतात. असे शेकडो वेळा झाले की मोकळ्या पुंजक्याचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट गोळा होतो. अशा सुया पूर्वीपासून कारखान्यांत विणल्यावाचून कापड बनवण्याच्या यंत्रांना लावीत. त्यांतली एकच सुई हातात धरून मूर्ती घडवण्याची कल्पना मात्र अलीकडची. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एलिनॉर आणि डेव्हिड स्टॅनवूड या दांपत्याने हा मार्ग चोखाळला आणि तेथून ती कला जगभर गेली. माझी नात पुण्याच्या एका शिबिरात ती शिकली आणि तिने मला शिकवली.

सुई नवी असली तरी लोकर घट्ट बसवण्याची विद्या फार जुनी आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी आणि साबण लावून लोकर चोळली की हे खवले परस्परांत अडकतात आणि तंतू पुन्हा सुटत नाहीत. काश्मीरचा, कच्छचा, राजस्थानातील टोंकचा नमदा याच रीतीने होतो. आपल्याजवळ कोल्हापूरच्या बाजूला पिंजारी कारागीर लोकर पिंजून, अंथरून, पाणी शिंपडून, गुंडाळी करून ती हातापायांनी मळतात आणि ‘जेन’ नावाचे जाड अंथरूण तयार करतात. घोंगडी मात्र कातून, मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन होते. आपल्या भाषेत ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार आहे. भिजलेली लोकर किती जड होते आणि वाळायला किती दिवस घेते, हे ज्यांनी खांद्यावर अनुभवले त्यांनीच तो घडवला असणार. कोळ्याला संस्कृतात ‘ऊर्णनाभ’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे असा. तंतूचा विचार करताना आपल्या पूर्वजांना प्रथम लोकर आठवत होती, असे यावरून दिसते.

लोकरीचे पाखरू ही कल्पनाही आजची नाही. मध्य आशियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथे बर्फाने गोठलेली जुनी थडगी आहेत. सर्गेई रुदेन्को या पुराविदांनी त्यांतील पाचवे थडगे १९४९ साली उकरले, तेव्हा त्यात नमद्याचे हंस मिळाले. सुमारे तेवीस-चोवीस शतकांपूर्वीचे हे हंस सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. घोड्यावर बसून रानोमाळ हिंडणाऱ्या, लोकरीच्याच तंबूत राहणाऱ्या माणसांनी आपल्या सरोवरावरचा पक्षी आपल्याच मेंढीच्या लोकरीतून घडवला होता. याच मध्य आशियाच्या उंच पठारांवरून दर हिवाळ्यात चिखल्या नावाचे लहानसे पक्षी उडत येतात आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या वाळूवर उतरतात. तेरेखोलच्या मुखाशी, भरती ओसरल्यावर ओल्या वाळूत तुरुतुरु धावणारी राखी-पांढरी पाखरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतली कित्येक पाखरे नमद्याच्या मुलखातली पाहुणी असतात.

आता आपल्या मुलखाकडे वळू. गोव्यात लोकर कुठून, असा प्रश्न एका पालकांनी मला विचारला. तो रास्त आहे. आपल्या पावसात मेंढी टिकत नाही. गोव्याचा धनगर-गवळी समाज म्हशी आणि शेळ्या पाळतो. तरीही लोकर आपल्याला परकी नाही. आजच्या सभेतील साठीपुढच्या प्रत्येकाने नांगर धरलेल्या माणसाच्या डोक्यावर कांबळीची खोळ पाहिली असेल. इरले उन्हापावसाला चांगले. पण वाकून करायच्या कामाला आणि गार वाऱ्याला कांबळच हवी, कारण लोकर ओली झाली तरी ऊब देते. ही कांबळ घाटावरून खाली येई. रामघाट, आंबोली, चोर्ला या वाटांनी वरचा माल खाली उतरे आणि मीठ, सुके मासे, नारळ वर चढत. गोकुळातला कान्हा मराठी गवळणींत काळी घोंगडी पांघरून आला, तो याच दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीमुळे.

त्या मेंढीच्या लोकरीची आजची अवस्था ऐकण्यासारखी आहे. दख्खनी लोकर जाडीभरडी असते. गिरणीतल्या मऊ कापडाला ती चालत नाही. घोंगडीची जागा यंत्रावरच्या कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटांनी घेतली आणि खोळीची जागा प्लॅस्टिकने. मेंढपाळही आता मांसासाठी वाढणाऱ्या जातींकडे वळले. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची माडग्याळ मेंढी उंच आणि वजनदार म्हणून मागणीत आहे. तिच्या अंगावर लोकर नाममात्रच असते. दख्खनी मेंढी कातरावी तर लागतेच, नाहीतर तिला उन्हाचा आणि किडींचा त्रास होतो. पण कातरणीची मजुरीही लोकर विकून सुटत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती माळावर टाकून दिली जाते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवावर उधळण्याइतकी मोलाची ही वस्तू देवळाबाहेर कचरा झाली आहे. आमच्या शनिवारच्या वर्गासाठी आम्ही घाटावरच्या एका मेंढपाळाकडून एक पोतेभर लोकर आणली, तेव्हा तिचे पैसे कोणी देऊ करतो याचेच त्याला आश्चर्य वाटले.

ती लोकर धुऊन, उन्हात वाळवून, हाताने पिंजून आम्ही कामाला बसलो. कृती सांगतो, म्हणजे तिच्यातला विचार स्पष्ट होईल. लोकर कात्रीने कापायची नसते; ती दोन्ही हातांनी सावकाश ओढून तोडायची, म्हणजे टोके मोकळी राहतात. ओंजळभर लोकर घट्ट गुंडाळून स्पंजाच्या जाड तुकड्यावर ठेवायची आणि सुई सरळ घालून सरळच काढायची. आत गेल्यावर सुई वाकवली तर ती मोडते. गोळा सारखा फिरवत राहावे लागते, नाहीतर तो एका अंगाने चपटा होतो. अर्ध्या तासात ओंजळभर लोकर लिंबाएवढी होते. हाताला दाबून पाहिल्यावर मागे ढकलणारा घट्टपणा जाणवला की पाखराचे शरीर तयार झाले. मग डोके निराळे करायचे. डोके शरीराला जोडायचे असेल तर मानेकडचे टोक सैल, विस्कटलेले ठेवावे लागते. दोन्ही तुकडे पुरते घट्ट केले तर ते एकमेकांना धरत नाहीत. ही गोष्ट मुलींना समजावून सांगताना माझी नात म्हणाली, “ज्याला दुसऱ्याशी जुळायचं आहे त्यानं स्वतःला थोडं सैल ठेवावं.” चाळीस वर्षे समास आणि संधी शिकवले, पण इतके सोपे स्पष्टीकरण मला सुचले नव्हते.

या कलेत साचा नसतो, कागदावरचा नमुनाही लागत नाही. भर घालणे सोपे असते आणि काढून टाकणे अवघड असते. त्यामुळे प्रत्येक पायरीवर पाखराकडे पुन्हा पाहावे लागते. लोकर प्रश्न विचारू लागते. टिटवी घडवायला घेतली की पहिला प्रश्न येतो पायांचा. तिचे पाय पिवळे असतात हे बहुतेकांना ठाऊक असते. ते शरीराच्या मानाने किती लांब? डोके आणि छाती काळी. मग डोळ्यामागून मानेवर उतरणारा पांढरा पट्टा कोठे संपतो? डोळ्याच्या पुढ्यातली लाल गलोली केवढी? रात्री टिटवी ओरडली की अभद्र म्हणून दचकणारी पिढी माझी. तिच्या नावाचा धसका आम्हाला ठाऊक होता, तिचा पाय ठाऊक नव्हता. पाचवीतल्या एका मुलीने सड्यावर जाऊन तासभर टिटवी पाहिली आणि येऊन सांगितले की ती घरटे बांधतच नाही, खड्यांतच अंडी घालते आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. हे पुस्तकात छापलेले आहे. पण पुस्तकातून ते तिच्यापर्यंत पोचले नव्हते. तारेच्या पायांची लांबी ठरवायला ती सड्यावर गेली म्हणून ते तिला दिसले.

रंगांचाही विचार असाच. दख्खनी लोकर नैसर्गिकच काळी, तपकिरी, करडी, मळकट पांढरी अशी असते. प्रथम मुलांची निराशा झाली. त्यांना मोर हवा होता. पण केरीच्या वाळूवरची पाखरे बाहेर जाऊन पाहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तुतवार, चिखल्या, कुरव यांचे पिसारे याच रंगांचे आहेत. एक थेंबही रंग न वापरता घाटावरच्या मेंढीतून समुद्रकाठचे पाखरू उभे राहिले. खंड्यासाठी मात्र आम्हाला रंगवलेली लोकर घ्यावी लागली. आणि तेथे एक निराळाच पेच आला. खंड्याच्या पाठीचा निळा रंग जवळून एक दिसतो, दुरून दुसरा, उडताना तिसराच. याचे कारण असे की त्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाची अंतर्रचनाच अशी असते की तिच्यावरून परतणारा प्रकाश निळा होतो. लोकरीला ते साधत नाही. तेव्हा निळ्या, हिरवट आणि थोड्या काळ्या लोकरीचे तंतू बोटांनी एकत्र पिंजून त्या निळाईचा केवळ भास करावा लागतो. वर्णनात शब्दांची गतही अशीच असते. शब्दाने वस्तू हुबेहूब येत नाही. निवडक छटा एकत्र आणून तिचा प्रत्यय द्यावा लागतो. निबंधलेखनाचे हे तत्त्व मी फळ्यावर अनेकदा सांगितले. मुलांना ते खंड्याच्या पाठीवर समजले.

आता एका मुलाविषयी सांगतो. त्याचे नाव सांगत नाही. त्याच्या घरी रापणीचा व्यवसाय. शाळेत तो अबोल, निबंधात चार ओळींपलीकडे त्याची लेखणी चालत नसे आणि त्या चार ओळीही मार्गदर्शकातल्या असत. चिखल्या करायचा ठरला तेव्हा इतर मुलांनी चित्र पाहून मान उंच केली. याने मान जवळजवळ केलीच नाही. विचारले तेव्हा म्हणाला, “सर, वारो आसता तेन्ना तो मान आत ओढता. आनी सगळीं एकाच वाटेन तोंड करून रावतात, वाऱ्याक.” वाळूवरचे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, हे पक्षी-अभ्यासकही सांगतात. या मुलाने ते पहाटे रापणीची दोरी धरून पाहिले होते. पण ते सांगण्याजोगे ज्ञान आहे असे त्याला कोणी भासवले नव्हते. त्याचे पाखरू पुरे झाल्यावर मी त्याला म्हटले, याच्याबद्दल लिही. त्याने दीड पान लिहिले. चिखल्या धावतो, अचानक थांबतो, टोचतो, पुन्हा धावतो. त्याच्या पावलांचे ठसे लाट येऊन पुसते, कुर्लीच्या बिळाकडे तो जात नाही, कुत्रा दिसला की सगळे एकदम उडतात आणि वळताना त्यांचे पोट एकदम पांढरे चमकते. लिहिताना तीन-चार शब्द घरच्या बोलीतले आले. मी ते खोडले नाहीत. प्रमाण मराठीचा आग्रह मी जन्मभर धरला आहे आणि आजही धरतो. परंतु ज्या शब्दाने मुलाने प्रथम वस्तू ओळखली तो शब्द काढून घेतला तर त्याच्या हातात वस्तूही राहत नाही.

येथे नावांचा प्रश्न येतो. पक्ष्यांची मराठी आणि प्रादेशिक नावे गोळा करण्याचे फार मोठे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. २०२५ साली ते आपल्यातून गेले. त्यांचा पक्षिकोश शाळेच्या कपाटात असलाच पाहिजे. पण कोश हे नावांचे कोठार असते. कोठारातले धान्य पेरले नाही तर ते उगवत नाही. पेरणी कशी होते याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. चतुर्थीला गणपतीवर आपण माटोळी बांधतो. सुपारीचे घोस, केळीचा घड, आंबाडे, तोरींग, ‘कांगलां’ आणि रानातली कितीतरी फळे तिला लागतात. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या गावांत आजही बारा-चौदा वर्षांचे मूल या रानफळांची नावे सांगू शकते, कारण वर्षातून एकदा ती शोधून, खुडून, दोरीने बांधावी लागतात. ज्या रानफळांना माटोळीत स्थान नाही त्यांची नावे त्याच मुलाला येत नाहीत. दोन्ही फळे एकाच रानात आहेत. फरक फक्त हाताच्या गरजेचा आहे. पाखरांना माटोळीत टांगता येत नाही. त्यांच्यासाठी हाताला दुसरे काम शोधावे लागेल, आणि टोचकाम हे त्यांपैकी एक आहे.

यावर काही आक्षेप आहेत आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की ही परदेशी छंदाची नक्कल आहे. सुई परदेशी आहे हे खरे. परंतु आपल्या शेजारच्या सावंतवाडीत चितारआळीतले कारागीर पांगाऱ्याच्या आणि आंब्याच्या लाकडातून जी फळे घडवतात, त्यांत आंबा, काजू यांच्याबरोबर सफरचंदही असते आणि कोणी त्याला परके म्हणत नाही. काजू तरी आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्या कारागिराचा पिकलेला काजूबोंड पाहताना मनात येते ते त्याच्या नजरेविषयी. बोंडाच्या देठाकडचा पिवळा खालच्या लालीत कोठे मिसळतो हे त्याने झाडाखाली उभे राहून पाहिले आहे. तंत्र कोठून आले यापेक्षा नजर कोठे लागली आहे याला महत्त्व आहे.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा. यातून मुलांना पैसे मिळतील का? हे मी स्पष्ट सांगतो की मी तसे आश्वासन देणार नाही. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना दोन-चार पाखरे विकली जातील, परंतु त्यावर घर चालणार नाही. विक्रीसाठी भराभर करू लागलो तर पाहणे सुटेल आणि मूळ हेतूच हरपेल. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो योग्य आहे. ही सुई अतिशय तीक्ष्ण असते. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती ती देऊ नये, मोठ्यांनीही बोलता बोलता टोचू नये, मोडलेले टोक लोकरीत राहू देऊ नये. तयार पाखरांना कसर लागते, म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ती कोरडी ठेवावी लागतात. आपल्या पावसाळ्यात तर विशेष काळजी हवी.

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने यात नवीन असे काही मी सांगत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा मानावा, असा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याची योजना आखली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्यात मॉन्टेसरीची महागडी साधने दूर ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे यांतून मुलांची साधने घडवली. बोर्डीही आपल्यासारखेच समुद्रकाठचे गाव. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे, असे सुचवले आहे. कागदावर सारे आहे. प्रत्यक्षात हस्तव्यवसायाचा तास हा गणिताच्या राहिलेल्या भागासाठी घ्यायचा तास झाला आहे, हे येथे बसलेले शिक्षक जाणतात. परीक्षेचा ताण मला ठाऊक आहे; त्यांना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. आठवड्यातील दोन तासिका कोणी मागू नयेत एवढेच मागतो.

हे मागण्याची निकडही आहे. ही केरी पेडण्याची. सत्तरीतही एक केरी आहे. बांद्याकडून येणारी नदी येथे तेरेखोल होऊन समुद्राला मिळते, पलीकडे किल्ला आणि महाराष्ट्राची हद्द, अलीकडे सुरूचे बन आणि वाळू. हा भूभाग डोळ्यांदेखत बदलतो आहे. २०२३ सालापासून मोप्याच्या पठारावर विमाने उतरू लागली. मोरजी आणि मांद्रे येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी राखलेल्या वाळूच्या सभोवती दिवे आणि खुर्च्या वाढत आहेत. विकास हवा की नको हा आजचा विषय नाही. पण बदलात काय जपायचे हे ठरवायला ते आधी ओळखीचे असावे लागते. ज्या मुलीने लोकरीच्या कासवाचे पुढचे वल्ह्यासारखे पाय घडवले, तिला वाळूवरचा कासवाचा माग दाखवावा लागणार नाही. तो ती स्वतः ओळखेल आणि त्यावरून चाक जाऊ देणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर एक वेल आहे. तिची पाने शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली, फुले जांभळी. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. वाळूचे कण सुटे असतात. वारा आला की जातात. ही वेल आपल्या मुळ्या आणि दोऱ्यांसारख्या फांद्या त्या वाळूत पसरते, एकमेकींत गुंतवते आणि वाळूची टेकडी जागेवर राहते. समुद्राने येथवरच यावे अशी मर्यादा ती घालते म्हणून हे नाव. ज्याने ते दिले त्याने वेल नीट पाहिली होती, तिचे काम ओळखले होते. वर्गातल्या पंधरा मुलांना मी विचारले तेव्हा हे नाव दोघांना ठाऊक होते. बाकीची रोज तिच्यावरून चालत होती. पुढच्या शनिवारी आम्ही तिचे फूल लोकरीत केले. आता ते नाव पंधराही जणांना येते आणि त्यांतली काही मुले ती वेल तुडवणाऱ्या मोटारींना हाक मारून थांबवतात, असे मी ऐकतो.

म्हणून मास्तरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेच्या निमित्ताने शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक सूचना ठेवतो. शाळेत काचेचे एक कपाट असावे. दरवर्षी मुलांनी केरीतील पाच जीव निवडावेत. पाखरू, कासव, कुर्ली, वेल, फळ, काहीही. ते प्रत्यक्ष पाहून लोकरीत घडवावेत आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी लावावी. तीवर प्रमाण मराठीतले नाव, घरच्या बोलीतले नाव, कोठे पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले आणि ते नाव कोणाकडून कळले, एवढे लिहावे. शेवटच्या रकान्यासाठी मुलांना आजी-आजोबांकडे जावे लागेल. मुंबई-पुण्यात, आखातात, पोर्तुगालात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी एक नाव पाठवावे. आपल्या आईच्या तोंडी असलेले, आता कोठे ऐकू न येणारे एखाद्या पाखराचे किंवा माशाचे नाव एका कार्डावर लिहून शाळेला धाडावे. लोकरीची व्यवस्था मी हयात आहे तोवर करीन. घाटावरचा तो मेंढपाळ पुढच्या कातरणीची लोकर आमच्यासाठी राखून ठेवणार आहे. दहा वर्षांत पन्नास जीव आणि त्यांची नावे त्या कपाटात जमतील. ते शाळेचे संग्रहालय होईल आणि गावाचा शब्दकोशही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता वर्ग भरतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी यावे. वयाची अट वरच्या बाजूने नाही.